शाइस्ताची धाव

वलगावात शाइस्तासारखं पळणारं कोणी नव्हतं. गाद्या भरणाऱ्या वलीची ही मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. लागोपाठ दोन वर्षं कापूस बुडाल्यापासून गावात नवी गादी कोणी भरेना. घराची सगळी भिस्त तिच्या पायांवर होती.

अमरावतीच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या शेखर सरांनी तिला मैदानावर पाहिलं आणि थेट घर गाठलं. त्यांनी पळायला मदत करणारं यंत्र बनवलं होतं. कमरेला बॅटरीचा पट्टा, दोन्ही मांड्यांना मोटरी.

"तुझ्या पळण्यावरून ते शिकेल," सर म्हणाले. "तुझाही सराव होईल."

पहिल्या दिवशी ती हसतच घरी आली. "अब्बा, पाय माहे वाटूनच नाही राहिले!"

पुढे डावी मोटर मधूनच झटका द्यायला लागली. तिनं सांगितलं, तर सर म्हणाले, "सवय होईल." मग एका सकाळी वळणावर पाऊल टेकतं न टेकतं तोच मोटरीनं ते वर ओढलं. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचं तिला ऐकू आलं. भरती हुकली, लंगडणं कायमचं झालं. तिचंच पाऊल चुकलं, असं कॉलेजानं ठरवून टाकलं.

वर्षभरानं सर पुन्हा दारात. यंत्र आता शेतमजुरांसाठी म्हणून अकोल्याच्या कृषी प्रदर्शनात मांडायचं होतं. "सगळं सुधारलंय. तू फक्त पळून दाखव."

वली उसळला. "याच मशीननं पोरगी लंगडी केली, आन् आता तिलेच नाचवता?"

"मी येईन सर," शाइस्ता म्हणाली.

"काहून वं?"

"मले पळाचं हाय."

वलीही सोबत अकोल्याला आला. मांडवात पट्टे आवळून झाले आणि निवेदकानं माईक उचलला. "ही मुलगी जन्मापासून अपंग! आज पहिल्यांदा पळणार आहे!"

तिनं सरांकडे पाहिलं. सर खाली वाकून, आधीच घट्ट असलेला पट्टा पुन्हा आवळत होते. माईक हाताच्या अंतरावर होता. तेवढ्यात मोटरी गुणगुणल्या, आणि ती पळाली. गुडघा दुखला नाही. मंचाच्या टोकाला पोचून, कोणी न सांगता ती वळली आणि पुन्हा पळाली. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीतून वली एकटाच बाहेर जाताना तिला दिसला.

पट्टे सुटले तसे सगळे फोटोसाठी यंत्राभोवती जमले. कठडा धरून, एकेका पायरीवर बसत ती खाली उतरली.

वली चहाच्या टपरीवर होता. "बोलली काहून नाही तू?"

"बोलली असती तं त्यायनं पट्टे सोडले असते."

वलीनं अर्धा चहा तसाच ठेवला, आणि तिच्यासाठी न थांबता बसस्टँडकडे चालू लागला.