खिशातली बुचं

उस्तादांचा एक नियम होता आणि गॅरेजमध्ये हाताखालच्या प्रत्येकाला त्यांनी तो टपल्या मारून शिकवला होता. गाडीचं जे काही उघडाल ते खाली ठेवायचं नाही, थेट शर्टाच्या खिशात टाकायचं. खाली ठेवलेला नट हरवतो, खिशातला राहतो. नियम सोळा आणे खरा होता. फक्त माणूस कधीकधी शर्ट बदलतो, हे त्यात धरलेलं नव्हतं.

जावयाने जुनी जेट स्की घेतली तेव्हा "बाबांनी बघितल्याशिवाय पाण्यात घालणार नाही" असं तो भेटेल त्याला सांगत सुटला, आणि उस्तादांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जावयाची नोकरी सुटली होती. तलावावर लोकांना या पाण्यावरच्या स्कूटरवरून फेऱ्या मारून आणायच्या, असं त्याने ठरवलं होतं. आधी हाच धंदा करणारा गृहस्थ वारला होता आणि त्याच्या बायकोने मशीन विकायला काढलं होतं. उस्तादांची सगळी हयात मोटारींखाली उताणं पडण्यात गेली होती. पाण्यातलं यंत्र त्यांनी कधी उघडलं नव्हतं, पण तसं कबूल करतील तर ते उस्ताद कसले!

पहिल्या फेरीच्या सकाळी त्यांनी मशीन धुवायला घेतलं. पोटात साचलेलं जुनं पाणी निघून जावं म्हणून मागे, अगदी खाली असलेली दोन बुचं फिरवून काढली आणि खिशात टाकली. तेवढ्यात लेक बाहेर आली.

"बाबा, हा तेलकट शर्ट घालून येणार? फोटो काढायचेत हो!"

उस्ताद निमूटपणे आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून आले.

तलावाच्या उतारावर जावयाचे मित्र, शेजारीपाजारी, सगळे जमले होते. जेट स्की झोकात निघाली, थोडी पुढे गेली आणि मागून खाली बसायला लागली. इंजिनाने दोन आचके दिले आणि मान टाकली. जावई बटण दाबून दाबून थकला, आतून नुसतं टक् व्हायचं. शेवटी त्याने पोहत, ढकलत ती काठाला आणली आणि सगळ्यांनी मिळून ट्रेलरवर ओढली. जावई पुढे होता, उस्ताद मागे. मागच्या दोन भोकांतून पाण्याच्या दोन धारा त्यांच्या चपलांवर पडत होत्या. त्यांचा हात आपसूक छातीकडे गेला. इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात काहीच नव्हतं.

माझी चूक, एवढं म्हटलं असतं तर तिथल्या तिथे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"बाबा, काय झालं असेल हो?" जावयाने पुढून विचारलं.

"तडा असणार खाली," उस्ताद म्हणाले. "गळतंय."

"म्हणजे त्या बाईंनी फसवलं आपल्याला?"

उस्ताद गप्प राहिले. या गप्प राहण्याचा अर्थ जावई काय घेणार, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

जावई ओल्या कपड्यांनिशी त्यांना घेऊन थेट त्या बाईंच्या घरी गेला. बाईंनी दार उघडलं, आधी पाण्याचा तांब्या आणला, त्यांचं ऐकून घेतलं आणि साधेपणाने विचारलं, "मागची बुचं लावली होती ना? आमचे हेसुद्धा एकदा..."

 उस्तादांनी आवाज चढवला. घाबरलेल्या माणसाला दुसरं काय येतं!

"वहिनी, माझे केस पांढरे झाले या कामात. मला शिकवू नका! तुमच्या यजमानांनी तडा लपवला आणि तुम्ही मशीन आमच्या गळ्यात मारलंत!"

आतल्या खोलीत खिडकीशी बाईंच्या सासूबाई बसल्या होत्या. कानाने अधू होत्या, तरी त्यांनी चटकन मान वर केली.

"ते तसे नव्हते हो," बाई हळूच म्हणाल्या. "पण तुम्ही जाणकार आहात. तुम्ही म्हणताय तर... परत आणून लावा मशीन."

जावई विरघळला. "राहू द्या. आधी बाबा बघतील, दुरुस्त होतं का."

घरी आल्यावर लेकीने मुठीतलं काहीतरी पुढे केलं. "खिसे रिकामे करून कपडे धुवायला टाकत जा की. ही कसली बुचं?"

"जुनी आहेत. उगाच," उस्ताद म्हणाले. एक खोटं निभवायला दुसरं किती सहज तोंडात येतं, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

शेडचं दार लावून घेऊन त्यांनी बुचं बसवली. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी उडवलं, तेल बदललं, एकेक भाग पुसून वाळवला. बरेच दिवस ते त्या मशीनशी झटत होते. अखेर इंजिन धडधडलं तेव्हा जावयाने त्यांना मिठीच मारली.

"तडा कुठे होता?"

"आतून होता. बुजवला."

"मानलं बाबा तुम्हाला!"

जेवताना त्याने पुन्हा तेच कौतुक काढलं आणि उस्तादांनी ताट बाजूला सारलं. लाज वाटत होती. त्या बाई पाण्याचा तांब्या हातात धरून दारात उभ्या होत्या, तो तांब्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"उद्या जाऊन सांगून येऊ त्यांना," जावई म्हणाला. "उगाच बोललो आपण. नवऱ्याने केलेली लबाडी त्या बिचारीला काय माहीत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई बाईंच्या घराखाली गाडी लावत होता. तो वर यायच्या आत उरकून टाकावं म्हणून उस्ताद घाईने जिना चढले आणि दारातच पुटपुटले, "वहिनी, तडा नव्हताच. बुचं माझ्या खिशात राहिली होती. मी खोटं बोललो."

बाई दारातून बाजूला झाल्या.

"मला नका सांगू, आईंना सांगा. रोज सकाळी लेकाच्या फोटोशी बोलायच्या त्या. त्या दिवसापासून एक शब्द नाही."

आतल्या खोलीत, खिडकीशेजारच्या भिंतीवरचा फोटो उलटा, भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता. उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हातारीच्या कानाशी वाकले.

"आजी, चूक माझी होती."

"काय?"

"चूक माझी..."

"त्या दिवशी दारातून बोललास ते मला इथे ऐकू आलं," म्हातारी म्हणाली. "आज कुठे गेला तुझा आवाज?"

जिन्यावर जावयाची शीळ ऐकू येत होती. आत्ता आवाज चढवला नसता तर जावयापुढे काहीतरी सारवासारव करता आली असती. उस्तादांनी डोळे मिटून घेतले आणि ते घसा फाडून ओरडले, "तुमच्या मुलाने फसवलं नाही! बुचं मी लावली नव्हती! मी खोटं बोललो!"

शीळ थांबली. शेजारचं कुठलंसं दार उघडलं. उस्तादांची मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

म्हातारीने बोट दाखवलं. "तूच सरळ कर."

त्यांनी फोटो काढला, शर्टाच्या बाहीने काच पुसली आणि सरळ लावला. म्हातारी पुढे झुकली.

"ऐकलंस का रे?" तिने फोटोला विचारलं.

"ऐकलं," दारातून जावई म्हणाला.