लग्नावाचून धवला

हौसाने तळहात फरशीवर आपटला आणि मृणालीला ओळीच्या मधेच थांबवलं.

"श्वास आयकू आला. परत."

मृणालीने परत ओळ धरली. तिचं शेवटचं अक्षर विरायच्या आत हौसाने ती उचलली, पुढची ओळ गाऊन तिच्याकडे सोडली. लग्नातला धवला असाच गातात. एकीने सोडायचं, दुसरीने झेलायचं, मधे फट पडू द्यायची नाही. परीक्षेत मात्र मृणालीला दोघींचं एकटीने गायचं होतं, म्हणून श्वास लपवणं भाग होतं.

पुण्याच्या एका संगीतविद्यालयात जुन्या गायकीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला होता. चार जूनला निवडीची परीक्षा. वीस मिनिटं, साथीशिवाय, परंपरेने शिकलेली तीन गाणी. "घेतलं तर जा, न्हाय तर लगीन," असं तिच्या बापाने, तुळशीरामने, मोठ्या मुश्किलीने कबूल केलं होतं. पूर्णा गावात धवले गाऊन लग्न लावणारी, धवलारीण म्हणावी अशी हौसा एकटीच उरली होती. हळदीला आता डीजे येई, आणि गोदामांच्या भाड्यावर पोसलेली पोरं त्याच्यापुढे नाचत. हौसाला लग्नाची सुपारी येऊन तीन वर्षं झाली होती. त्यामुळे ही मुलगी शिकायला आली तेव्हा तिने आढेवेढे घेतले ते नावापुरतेच. तिच्या खोलीला लागून दिवसभर ट्रक मागेपुढे होत, म्हणून शिकवणी तुळशीरामच्या नव्या बंगल्यात, वरच्या मजल्यावर चाले.

"खिडकी लावू का आजी? लोक आयकतात."

"धवला काय चोरून गायचा असतो?"

ज्या घरातून धवला ऐकू येतो त्या घरी लग्न ठरलेलं असतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. हौसाला ते कळत नव्हतं असं कसं म्हणावं? जन्म त्यातच गेला होता. पण हौसा अजून जिवंत आहे, गळा शाबूत आहे, हे गावाने ऐकावं अशी तिला हाव सुटली होती. खिडक्या उघड्याच राहिल्या.

चौथ्या दिवशी शेजारच्या कमळाने तिला फाटकात गाठलं.

"पोरीचा लगीन कवा हाय? नवरा कनचा?"

हौसाने पदर सारखा केला.

"गाना कसा वाटला, ते सांग."

नाही म्हणायला एक शब्द लागला असता. तो खर्च न करता ती घरी गेली आणि पोटभर जेवली.

आठवड्यात बातमी दापोड्याला पोचली. तिथल्या एका गोदामवाल्याने आपल्या मुलासाठी, प्रितमसाठी, मृणालीला पूर्वी मागणी घातली होती. तो तणतणत आला, आम्हाला थांबायला सांगून पोरगी दुसरीकडे दिलीत म्हणून. तुळशीरामने शपथा घेतल्या. पण धवला तर साऱ्या आळीने ऐकलेला. आता लग्न झालं नाही तर ठरलेलं मोडलं म्हणतील, आणि मोडलेल्या मुलीला कोण विचारतो? चहा संपायच्या आत प्रितमशी लग्नाची सत्तावीस मे ठरली.

मृणाली हौसाच्या खोलीवर आली. रडली नाही. दाराशीच बसली.

"बाबांचा लगीन तूच लावलंस. तुजा शब्द ते मोडनार न्हाईत. चार जून होऊ दे, येवराच सांग. मग मी कुनाशी पन उभी राहीन."

"सांगते," हौसा म्हणाली. आणि ती खरंच सांगणार होती.

संध्याकाळी तुळशीराम ताट घेऊन आला. नारळ, सुपारी, हिरवं नऊवारी लुगडं. मृणाली अजून तिथेच होती.

"आत्ये, डीजे न्हाय ठेवला," तो म्हणाला. "दापोड्याची मानसं बोलली, तीच धवलारीन पायजे. चार दिवस तूच गायचं."

हौसाने लुगड्याच्या काठावरून बोट फिरवलं. तोंडात जुळवून ठेवलेलं वाक्य तिने गिळलं.

"मांडव केवरा मोठा घालतंस?" तिने विचारलं.

मृणाली उठून गेली.

मांडव मोठाच होता. हळदीच्या दिवशी हौसा नवं लुगडं नेसून पाटाशेजारी बसली. झेलायला दुसरी धवलारीण नव्हती, म्हणून ती दोघींचं एकटीच गात होती. बायका गप्प बसून ऐकत होत्या. तीन वर्षांत इतकं सुख तिला लागलं नव्हतं, हे लपवण्यात अर्थ नाही. देवांना एकेक करून हळदीला बोलवायचं गाणं आलं. गावदेवी झाली, खाडीचा देव झाला, आणि पुढची ओळ तिला आठवेना.

तिने सूर धरून ठेवला. सूर संपत आला तशी तिने पाटावर बसलेल्या नवरीकडे पाहिलं. हे गाणं तिने त्या मुलीकडून वीस वेळा घोटून घेतलं होतं. मृणालीचा चेहरा हळदीने माखला होता, डोळे थेट हौसावर होते. तिला ओळ येत होती. तिने ओठ मिटून घेतले.

हौसाने मोठ्याने श्वास घेतला आणि न आठवलेला देव सोडून त्याच्या पुढच्याला बोलावलं.

बायका हळद लावत राहिल्या. एक देव बोलवायचा राहिला, हे मांडवात कुणाच्याही ध्यानात आलं नाही.