दोन पाण्यांचा ड्रेस

"वांगं दिलतं का हिला?" शेजारच्या धुरपताबाईंनी शिवकन्येचा फ्रॉक वर करून पाठ पाहत विचारलं.

"या दुष्काळात वांगं कुठलं, मावशी?" चांगुणा म्हणाली.

"मग नजरच हाय."

पाच वर्षांची शिवकन्या दोघींच्या मधे उभी राहून मान, बगला आणि कंबर आळीपाळीनं खाजवत होती. अंगावर तांबडे चट्टे उठले होते. मीठ-मोहऱ्या उतरवून झाल्या, कडुलिंबाचा पाला झाला, दवाखान्यातलं गुलाबी औषध फासून झालं. त्या औषधानं पोर गुलाबी झाली, खाज मात्र तिथंच.

तिचा बाप निवृत्ती इस्त्री मोडेल म्हणून खाली न बसता दारात उभा होता. लातूर जिल्हा झाला आणि नव्या कलेक्टर कचेरीत तो शिपाई म्हणून लागला, तेव्हापासून त्याचा पांढरा ड्रेस हा घरातला चौथा माणूस होता. सोड्यात भिजवायचा, दोन पाण्यांतून काढायचा, वर नीळ आणि खळ. टँकर आला नाही तर घरातली माणसं आंघोळीवाचून राहत, ड्रेस राहत नसे. "सायबाच्या दारात मी म्हंजे जिल्ह्याचं तोंड हाय," असं तो म्हणे, आणि चांगुणा त्या तोंडासाठी पाणी राखून ठेवी.

"शिरूरला आजीकडं धाडा," धुरपताबाईंनी निकाल दिला. "हितलं पाणी मानवंना पोरीला. पाऊस पडंपर्यंत तिकडंच राहू द्या."

निवृत्तीनं दारातूनच पोरीकडे पाहिलं. कचेरीत त्याच्या ड्रेसकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. संध्याकाळी तो घरी आला की त्या कडक सदऱ्यावर टिचकी मारून "वाजला!" म्हणणारी ही एकटीच होती.

तरी रविवारी पोरीची पिशवी भरायला काढली. टँकर आला म्हणून चांगुणा घागर घेऊन धावली, आणि धुणं निवृत्तीच्या गळ्यात पडलं.

"आधी तुमचा ड्रेस भिजवा," ती जाता जाता म्हणाली. "मग त्याच सोड्याच्या पाण्यात पोरीचे फ्रॉक. पिळा अन् वाळू घाला."

"अन् चांगल्या पाण्यातून काढायचं न्हाई व्हय?"

"चांगलं पाणी ड्रेसलाच पुरंना. उरतंय कुठं?"

निवृत्तीनं सांगितलं तसं केलं. तिसरा फ्रॉक पिळताना बोटांच्या बेचक्यात चुरचुरायला लागलं. मग खाज सुटली. त्यानं लाल झालेल्या हातांकडे पाहिलं, बुळबुळीत फ्रॉककडे पाहिलं आणि शिवकन्येला हाक मारून जवळ ओढलं. मान, बगला, कंबर. फ्रॉक जिथं घट्ट बसे, तिथंच चट्टे. गाल आणि गुडघे स्वच्छ. त्यानं हातातला फ्रॉक बाजूला ठेवला.

चांगुणा घागर घेऊन आली, तेव्हा त्यानं तिचा हात ओढून पाहिला. बोटं चिरलेली, तांबडी.

"ह्ये कवापासून?"

"जिल्हा झाल्यापासून," ती म्हणाली आणि घागर टेकवली.

निवृत्तीनं ड्रेससाठी राखलेलं पाणी उचलून फ्रॉकवर ओतलं. दोनदा. त्याच उरलेल्या पाण्यात ड्रेस नुसता बुचकळून काढला; ना खळ, ना इस्त्री. पिशवी पुन्हा खुंटीला गेली.

सोमवारी तो चुरगळलेल्या ड्रेसमध्ये जीव मुठीत धरून साहेबांच्या दारात उभा राहिला. साहेबांनी नेहमीप्रमाणे त्याच्याकडे न बघता फाईल पुढे केली. जिल्ह्याला काही झालं नाही. याचं त्याला जरा वाईटच वाटलं.

आठवडा गेला तसे चट्टे विरले. एका संध्याकाळी तो घरी आला आणि सरळ जमिनीवर बसला. शिवकन्येनं मांडीवर चढून सदऱ्यावर टिचकी मारली.

"बाबा, वाजंना की!"

"आता न्हाई वाजायचा त्यो."

तिनं आणखी एकदा मारून पाहिली. मग त्या मऊ सदऱ्यावर गाल टेकला आणि न खाजवता झोपून गेली.