करपलेली पाकळी

वाळू तापली की नाही, हे पेरीन वासावरून ओळखायची. कागदासारखा पातळ लाकडाचा पापुद्रा चिमट्यात धरून ती त्याची कड परातीतल्या गरम वाळूत खुपसायची. कड बदामी व्हायची, आणि सपाट पाकळी जिवंत होऊन उठल्यासारखी दिसायची. नवरा लांबेर मेजांवर जडवायची लाकडी फुलं कातरायचा, ती त्यांना अशी सावली द्यायची. संसार असाच झाला.

हिवाळ्यात लांबेर गेला. त्याचं लिहायचं मेज अर्ध्यावर राहिलं. ऱ्हाइनपलीकडून पॅरिसला आलेल्या वेंडेलिन नावाच्या कारागिराने ते पुरं करत आणलं. परवा त्याने पेरीनला लग्नाचं विचारलं, तेही लाकूड चिकटवायचा सरस ढवळता ढवळता, मान वर न करता.

सुतारांच्या संघाचा नियम वस्तीत सगळ्यांना पाठ होता. विधवेने नवऱ्याच्या नावाचा शिक्का मारून कारखाना चालवावा. दुसरं लग्न केलं, की तो शिक्का थांबला. पुढे नव्या नवऱ्याचा.

"म्हणजे दादाचं नाव पुसायचं ठरलं," नणंद उर्सुल दारातूनच म्हणाली. "आणि कुणासाठी, तर त्या सरसाच्या भांड्यासाठी!"

"वन्सं, आत तरी या."

"कशाला येऊ? त्याचा अंगरखा अजून खुंटीवर आहे. बघवत नाही गं, वहिनी."

आणि ती खरंच रडली. मग आत आली, कांद्याचं सूप प्यायली, आणि पुन्हा रडून गेली.

तेवढ्या वेळात वाळू जास्त तापली. शेवटच्या गुलाबाची पाकळी काळी पडली. त्या रंगाचं लाकूडही संपलेलं.

"टाका ती," पेरीन पुटपुटली. "ह्यांनी अख्खं फूल उपटून काढलं असतं."

वेंडेलिनने पाकळी उजेडात धरली. "बागेत एखादं कोमेजलेलं असतंच की, मालकीणबाई. असू द्या."

लिहिणाऱ्याचं मनगट टेकेल तिथे, अगदी कडेला, त्याने ती बसवली. पेरीन बघत राहिली. लांबेरची फुलं कधी कोमेजली नव्हती. लांबेर मात्र गेला होता.

मेज झिलई देऊन उलटं ठेवलं, तेव्हा वेंडेलिन मागे सरला. "शिक्का तुम्हीच मारा."

तिने खणाखालच्या पट्टीवर शिक्क्याचं लोखंड टेकवलं आणि हातोडा घातला. लांबेरचं नाव लाकडात रुतलं. ती त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत बराच वेळ वाकून होती. मग तिने खुंटीवरचा अंगरखा काढला आणि शिक्का त्यात गुंडाळला.

"हे वन्संकडे देऊन येते. त्यांच्याकडेच शोभेल." दारात ती थबकली. "आणि लोहाराकडे जाल तेव्हा अक्षरं बारीक काढायला सांगा. तुमचं एवढं लांबलचक नाव, मेजाखाली मावायचं नाही."

वेंडेलिन खाली मान घालून सरस ढवळत राहिला. भांडं केव्हाच रिकामं झालं होतं.