अंगणातला जाम

तुळशीची लग्नं आटोपली आणि चुनीलालने अंगणात चूल पेटवली, तेव्हा गावात आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. साठी ओलांडलेला माणूस, तापीकाठी केळी आणि पपईची बागायत, गावात कुठलीही बैठक असली की ज्याला बोलावल्याशिवाय सुरू होत नाही असा. तो पायजम्याचे पाय वर दुमडून पपईच्या साली काढत बसला होता. शेजारी खुर्चीवर त्याची बायको रंजनाबाई बसलेली. तिचा उजवा हात मांडीवर कुणी आणून ठेवावा तसा पडलेला.

श्रावणात तिला लकवा झाला होता. नंदुरबारच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा उजवं अंग गेलेलं आणि बोलणंही गेलेलं. 'हा' आणि 'नही' एवढे दोनच शब्द उरले होते, आणि त्यातलाही 'नही'च ती जास्त वापरायची. मुलगा गोपाल सुरतेला नोकरीला. तो येऊन राहिला आणि रजा संपल्यावर परत गेला. अंगणाच्या पलीकडच्या बाजूला धाकट्या भावाचं, नरोत्तमचं घर. त्याची बायको शांतीबाई दोन्ही वेळचा डबा पाठवू लागली. भांडणतंटा काही नव्हता. वाटणी झाली तरी दोन घरांचं अंगण एकच राहिलं होतं.

रंजनाबाईचं माहेर नदीपलीकडचं, निझरकडचं. पपईचा जाम ती तिकडून शिकून आली होती. दरवर्षी थंडी पडली की ती अंगणात चूल मांडायची, व्यापाऱ्याने डाग आहे म्हणून बाजूला काढलेल्या पपया घ्यायची आणि दिवसभर पातेल्यापाशी उभी राहायची. पोळीला जाम लावून तिची गुंडाळी शाळेच्या डब्यात नेली नाही असं पोर आळीत नव्हतं. तिने ते कधी कुणाला शिकवलं नाही. विचारलं तर म्हणायची, उभे राहा नि बघा. पण एवढा वेळ कोण उभं राहणार?

या वर्षी पपया ओट्यावर पिकून मऊ पडल्या. रंजनाबाई खुर्चीवरून त्यांच्याकडे बघायची, मग डाव्या हाताने आधी पपई दाखवायची, मग अंगणाचा कोपरा. शांतीबाईला कळलं. ती म्हणाली, भाभी, मी करते. रंजनाबाई म्हणाली, नही. नानीबाई झाडलोटीला यायची, तीही पुढे झाली. नही. रंजनाबाईचा चेहरा लाल झाला. डाव्या हाताने तिने खुर्चीचा दांडा आपटला. ती स्वतः उठू बघत होती.

तेव्हा चुनीलाल उठला आणि कोपऱ्यात तीन दगड मांडले.

पहिली खेप करपली. त्याने साखर आधीच ओतली, जाळ मोठा ठेवला आणि पाटाच्या पाण्याचा फोन आला म्हणून दारापर्यंत गेला, तेवढ्यात बुडाला लागलं. रंजनाबाईने चमचा जवळ येताच मान फिरवली. दुसऱ्या खेपेला त्याने धास्तीने जाम लवकर उतरवला, तर नुसता पाक. तिने चाखला आणि त्याच्या तळहातावर थुंकला. चुनीलाल हात धुऊन आला, पुन्हा तिच्यापाशी बसला. चाळीसेक वर्षांच्या संसारात तिने त्याच्या कुठल्याही कामाला इतक्या स्वच्छपणे नापास केलं नव्हतं, असं त्याला वाटलं, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं. दवाखान्यातून आल्यापासून ती पहिल्यांदाच कशाची तरी पर्वा करत होती.

डेअरीवर थट्टा सुरू झाली. दूध घालायला गेला की कुणीतरी विचारायचं, आज काय शिजवलं, भाऊ? दोघे-तिघे खाली बघून हसायचे. चुनीलाल सरळ सांगायचा, जाम, अजून जमत नाही. मग हसण्यासारखं काही उरायचं नाही.

नरोत्तमला मात्र ते झोंबत होतं. त्याची मुलगी कामिनी शहाद्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. तिला बघायला रविवारी पाहुणे यायचे होते. घर मोठं, बागायत मोठी, आणि मुलाचे आजोबा समाजात मान असलेले. शनिवारी संध्याकाळी नरोत्तम आला, चुलीपाशी उभा राहिला, बराच वेळ केळीच्या भावावर बोलला. मग मुद्द्यावर आला.

"भाऊ, उद्याना दिन चुल्हा पेटाडू नका. अन् भाभीले मांगली खोलीमा बसाडी द्या. पाहुणा जावापर्यंत."

चुनीलालने विचारलं, का?

नरोत्तम म्हणाला, तसं काही नाही, पण लोक घरातलं दुखणं बघतात, वंशात उतरणारं आहे का ते विचारतात. आणि भाभीच्या तोंडातून लाळ गळते. आणि तुम्ही असे चुलीपुढे. त्याने वाक्य पुरं केलं नाही.

चुनीलाल म्हणाला की गावजेवणात तू स्वतः वरणाच्या हंड्यावर उभा राहतोस, तेव्हा लोक तुझी वाहवा करतात. नरोत्तम म्हणाला, ते वेगळं. "लोके काय म्हनतीन, एवढंच देखा," म्हणून तो निघून गेला.

दोघे बोलत होते ते खुर्चीपासून चार हातांवर. रंजनाबाईचे शब्द गेले होते, कान गेले नव्हते. चुनीलाल वळला तेव्हा ती आपल्या पदराने हनुवटी पुसत होती, डाव्या हाताने, पुन्हा पुन्हा, कोरडी झाल्यावरही.

चुनीलालच्या डोक्यात काहीतरी पक्कं बसलं. तरी पोरीच्या आयुष्याचा प्रश्न होता, आणि तो आंधळा नव्हता. दिवेलागणीला कामिनी नळावर आली तेव्हा तो तिच्याजवळ गेला. नरोत्तम काय म्हणाला आणि आपल्या मनात काय आहे ते त्याने तिला सांगितलं. तू नको म्हणालीस तर मी उद्या चूलही पेटवणार नाही आणि तुझ्या काकूला आत नेईन, आणि मनात काही ठेवणार नाही, असंही सांगितलं.

कामिनी घागर भरून वाहायला लागली तरी बघत राहिली. मग नळ बंद करून म्हणाली, "काकूले तठेच बसू द्या. पन मी म्हनी म्हनीसन पप्पाले सांगू नका." चुनीलालने शब्द दिला.

रविवारी सकाळी तो बाहेर आला तर अंगणाच्या मधोमध दोरी बांधून नरोत्तमने त्यावर मोठी चादर टाकली होती. फुलाफुलांची, नवी. चुनीलालची बाजू पूर्ण झाकली गेली होती. चुनीलालने ती काढली, व्यवस्थित घडी केली आणि पलीकडच्या ओट्यावर शांतीबाईच्या हातात दिली. तिने ती पोटाशी धरली आणि आत गेली.

पपया आणखी एक दिवस टिकल्या असत्या. पुढे नरोत्तमने तसं तोंडावर म्हटलं, आणि चुनीलालने ते नाकारलं नाही. जाम सोमवारी करता आला असता. पण त्याला रविवारीच करायचा होता.

त्याने रंजनाबाईची वेणी घातली, वाकडी झाली. तिला आवडणारी हिरवी साडी नानीबाईकडून नेसवून घेतली. खुर्ची चुलीला लागूनच, पण धूर लागणार नाही अशा बाजूला, अंगणाच्या अगदी तोंडाशी ठेवली. मग गर शिजायला टाकला. या वेळी साखर आधी घातली नाही. गर आटून घट्ट झाला, तेव्हा त्याने साखरेचा डबा उचलून रंजनाबाईकडे पाहिलं. नही. तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. हा. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ त्याने मंद केला आणि लाकडी चाटू फिरवत राहिला.

पाहुण्यांची गाडी आली ती नेमकी जाम फुटफुटायला लागल्यावर. त्या वेळी पातेलं सोडणं म्हणजे पहिल्या खेपेची गत. गरम थेंब मनगटावर उडत होते. त्याने तिथूनच राम राम घातला. मुलाचे आजोबा टोपी सावरत खुर्चीत बसले, मुलगा आणि त्याचे आईवडील बसले. नरोत्तम मधे उभा राहून दिसेल तेवढं झाकू बघत होता. आजोबांनी हसून विचारलं, आज काही कार्यक्रम आहे का, हे कोण?

नरोत्तम म्हणाला, "आचारी शे."

चुनीलालचा हात थांबला. ज्याला त्याने सायकलवर पुढे बसवून शाळेत नेलं होतं, तो भाऊ त्याच्याकडे न बघता पाहुण्यांपुढे पाण्याचा ट्रे धरत होता. रंजनाबाईच्या घशातून एक आवाज निघाला. शब्द नव्हता तो. चुनीलालने चाटू पुन्हा फिरवायला सुरुवात केली, कारण जाम थांबणार नव्हता, आणि फिरवता फिरवता बोलला. आवाज चढवला नाही.

"आचारी नही, बापू. मी नरोत्तमना मोठा भाऊ, चुनीलाल. अन् ही मन्ही बायको, रंजना. तिले लकवा व्हयेल शे, म्हनीसन यंदा जाम मी करी ऱ्हायनू."

पातेल्याचा तेवढा आवाज येत होता. नरोत्तमच्या हातातला ट्रे तसाच राहिला. मग मुलाच्या आईने हळूच विचारलं, केव्हा झालं? चुनीलालने सांगितलं. बोलता येतं का? दोन शब्द येतात, तो म्हणाला. रंजनाबाईच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली. चुनीलालने एका हाताने चाटू फिरवत खांद्यावरच्या पंच्याने ती पुसली, जशी रोज पुसायचा तशी, घाई न करता. आजोबांनी नजर गाडीकडे वळवली.

कामिनी चहा घेऊन आली. मान खाली, पदर डोक्यावर. तिने सगळ्यांना कप दिले, विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली. मग ट्रे आत न नेता तिने उरलेला एक कप उचलला, अंगण ओलांडून आली, बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि काकूच्या तोंडाला बशी लावली. रोज कॉलेजला जाण्याआधी ती हेच करायची. आज थोडा चहा हिरव्या साडीवर सांडला. मुलगा तिच्याकडे बघत होता. त्याला काय वाटलं ते कुणाला कळलं नाही, कारण त्याला कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात चुनीलालने स्टीलच्या ताटलीवर जामाचा थेंब टाकला आणि ताटली तिरकी केली. थेंब जागचा हलला नाही. पाहुणे अजून बसलेले होते. रीतीप्रमाणे पहिला घास त्यांचा. त्याने चमचाभर जाम गार केला आणि रंजनाबाईच्या ओठांशी नेला.

तिने तो तोंडात घेतला. डोळे मिटले. बराच वेळ घोळवला. नरोत्तमसुद्धा बघत होता. मग तिने गिळला, डोळे उघडले, आणि कपाळाला आठ्या घालून, जड जिभेने म्हणाली, "निंबू."

चुनीलालला आधी कळलंच नाही. कामिनीच्या हातातली बशी खाली पडली. "काकू बोलनी," ती म्हणाली. "काका, काकू बोलनी."

लिंबू राहिलं होतं. चुनीलाल घरात धावला, दोन लिंबं चिरून आणली आणि पातेल्यात पिळली. बिया आत पडल्या, त्या बोटाने काढताना पोळला. तो रडत होता आणि चाटू फिरवत होता, आणि समोर कोण बसलं आहे याचं त्याला भान नव्हतं.

पाहुणे चहा संपवून उठले. जाताना मुलाच्या आईने रंजनाबाईला हात जोडले. आजोबांनी जोडले नाहीत. काही दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळलेली होती, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं.

नरोत्तम त्या दिवशी अंगणात येऊन जे बोलला ते सगळ्या आळीने ऐकलं. तुम्ही माझ्या पोरीचं वाटोळं केलं, तो म्हणाला. जामापायी केलं. चुनीलाल ऐकत राहिला. पलीकडे दाराआड कामिनी उभी होती. ती पुढे यायला निघाली, तशी त्याने तिच्याकडे बघून मान हलवली. शब्द दिला होता. मग तो नरोत्तमला एवढंच म्हणाला, "तुन्ही पोर मन्हीबी पोर शे. पन रंजना मांगली खोलीमा जाव्हाव नही. ना काल, ना उद्या."

डबा बंद झाला. अंगणाच्या मधोमध पत्रे उभे राहिले. चुनीलाल खिचडी शिकला, वरण शिकला. पोळ्या काही जमल्या नाहीत, त्या नानीबाई करून देऊ लागली. कामिनी कॉलेजला जाताना पत्र्याला वळसा घालून यायची, बशी भरायची आणि मग बसस्टॉप गाठायची. नरोत्तमला ते दिसत होतं. त्याने तिला अडवलं नाही, आणि भावाशी बोललाही नाही.

रंजनाबाईचा तो तिसरा शब्द आता सगळ्यालाच लागू झाला होता. पाणी हवं तरी निंबू, पंखा लाव तरी निंबू. डॉक्टर म्हणाले, असं होतं, हळूहळू आणखी येतील. चुनीलालला घाई नव्हती.

जामाच्या बरण्या त्याने पिशवीत भरल्या आणि स्वतः गावात फिरून वाटल्या, डेअरीवरसुद्धा. कुणी विचारलं तर सांगितलं, मी केलाय, तिने पास केलाय. एक बरणी पत्र्यापलीकडे पाठवली. ती संध्याकाळी परत आली. दुसऱ्या दिवशी त्याने तीच पुन्हा पाठवली. तेव्हाही ती परत आली.

गोपालचा फोन आला. काकांनी त्याला सगळं सांगितलं होतं. तो समजुतीने बोलला. म्हणाला, बापू, आईला घेऊन सुरतेला या. इथे दिवसभराची बाई ठेवू, फ्लॅटला लिफ्ट आहे, लोकांचं बोलणं नाही, तुम्हाला चुलीपुढे बसायला नको.

चुनीलालने फोन रंजनाबाईच्या कानाला लावला आणि मुलाला पुन्हा सांगायला लावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या जुन्या शब्दात उत्तर दिलं, नही, इतकं मोठ्याने की पत्र्यापलीकडे ऐकू गेलं असेल.

चुनीलालने फोन खिशात टाकला, पिशवी घेतली आणि पपया आणायला मळ्याकडे निघाला.