सरांचा स्वतःचा स्क्रीन

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. संगणक नव्हे, त्याचा नुसता चेहरा. विचार तो करतो, दिसायचं काम माझं. त्यामुळे जगातली निम्मी फसवणूक माझ्या तोंडावर घडते आणि माझी साक्ष मात्र कोणी काढत नाही. आज मीच सांगतो.

कुठल्या कारखान्यात बनलो ते मला ठाऊक नाही. कळायला लागलं तेव्हा ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये होतो. दिवसभर माझ्यावर विम्याचे अर्ज दिसत. काम कंटाळवाणं होतं, पण इमानाचं होतं. झाडलोट करणाऱ्या मावशी मला रोज मऊ फडक्याने पुसत आणि "किती डोळे दुखत असतील रे तुझे" असं म्हणत. पुढे कंपनीला नवे पातळ पडदे हवेसे झाले आणि आम्हा जुन्यांना मिळेल त्या भावात काढून टाकलं.

तिथून मी पोचलो ऐरोलीतच, एका मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत. दारावर पाटी होती, ‘लक्ष्यभेद ट्रेडिंग सिस्टीम’. मालकाचं नाव स्वानंद. शेअर बाजारात स्वतःचे हात पोळून घेतल्यावर या गृहस्थाला साक्षात्कार झाला, की आपण पैसे लावण्यापेक्षा दुसऱ्यांना लावायला सांगावं आणि त्याची दरमहा वर्गणी घ्यावी. लोक त्याला सर म्हणत. त्याने कोणाला काय शिकवलं होतं, देव जाणे. भिंतीवर मोठ्या चौकटीत एक प्रमाणपत्र होतं. जवळ जाऊन वाचलं तर ते योगासनांच्या शिबिराचं होतं. पण जवळ जाऊन वाचतो कोण?

मला त्याने पाठीमागच्या भिंतीवर टांगलं. तो व्हिडिओ करायला बसला की माझ्यावर हिरवे-लाल आलेख हलत राहत. ते गेल्या आठवड्याचे असत. नफ्याचे मोठे आकडे दिसत, ते सरावासाठीच्या खोट्या खात्यातले. आणि श्रुती नावाची एक पगारी मुलगी दुपारभर खुश ग्राहकांचे अभिप्राय लिहीत बसे. सांगलीचे निवृत्त मास्तर, पनवेलच्या डॉक्टरीणबाई, दुबईतला इंजिनियर, सगळी तीच. कंटाळा आला की ती एखाद्या अभिप्रायात पाचातल्या दोन चांदण्या कमी द्यायची, म्हणजे खरं वाटतं.

आता त्या थोर सिस्टीमबद्दल ऐका. स्वानंदने सदस्यांचे दोन गट केले होते. रोज सकाळी एका गटाला सांगायचं, आज बाजार वर जाणार, घ्या. दुसऱ्याला सांगायचं, आज खाली येणार, विका. संध्याकाळी ज्यांचं बरोबर आलं त्यांच्याकडून आभाराचे निरोप घ्यायचे आणि ते जगाला दाखवायचे. ज्यांचं चुकलं त्यांना सांगायचं, भावनेवर ताबा ठेवा. बस्स, एवढीच अक्कल. एवढ्या अकलेवर त्याने गाडी घेतली, हे पाहून मला माणसांची कीव येणं बंद झालं.

धंदा वाढला तसे स्वानंदने वाकडे मोठे पडदे आणले. माझं काय करायचं? त्याने मला पुसलं, लाल फीत बांधली आणि आजीवन सदस्य होणाऱ्याला ‘सरांचा स्वतःचा स्क्रीन’ म्हणून भेट दिलं. तो भाग्यवान होता तळवलीचा कान्हा.

कान्हाच्या बापजाद्यांची शेती रस्त्यात आणि इमारतीत गेली. आता वरच्या खोल्यांचं भाडं येतं, आणि खाली त्याची आई पुतळाबाई सुक्या मासळीचा गाळा चालवते. कान्हाने मला देवघराशेजारी ठेवलं, हार घातला, कपाळाला कुंकू लावलं. कुंकू माझ्या बटणात गेलं. ते बटण अजून अडकतं.

भिंतीला भिंत लागून चुलतभाऊ मितेशचं घर. वाटणीवरून दोघांची बोलाचाल कधीची बंद. पण मन लावून एकमेकांकडे बघणं चालूच. मितेशनेही लक्ष्यभेदची वर्गणी भरली आहे, हे कान्हाला गावातून कळलं. मग मितेशच्या दारात नवी गाडी उभी राहिली. झालं! कान्हाची खात्री पटली. सरकारी नोंदणी आहे का हे त्याने विचारलं नाही, तोटा झालेला कोणी भेटतो का हे पाहिलं नाही. भावकीतल्या माणसाच्या दारात गाडी आली, म्हणजे सिस्टीम खरी. इकडे कान्हाच्या घरापुढच्या ओट्यावर चकचकीत टाइल्स बसल्या, त्या बघून मितेशने वर्गणी वाढवली. एवढे शिकलेले दोन बाप्ये, आणि परीक्षा कशाची, तर टाइल्सची!

तोटा होत होता. कान्हा बायकोला, उन्नतीला सांगायचा, "टेन्शन घेऊ नको, सर बोलले, रिकव्हरी येनार हाय." ती भांडी जोरात आपटायची. 

मग सरांनी त्याला ‘डायमंड’ गटात यायला सांगितलं. त्यासाठी मोठं भांडवल हवं. कान्हाची नजर खालच्या गाळ्यावर गेली. तो विकायचा ठरला.

मला त्या दिवशी पहिल्यांदा राग आला, मित्रांनो. पुतळाबाईचा नवरा गेल्यावर ती त्याच गाळ्यात बसून उभी राहिली होती. तिचं माहेर, तिच्या मैत्रिणी, तिचा दरारा, सगळं त्या बोंबलाच्या वासात होतं. पण ती म्हणाली, "मितेशचा भला झाला म्हनतेत, तर माज्या पोराचा पन होऊ दे." आणि सही करायला तयार झाली.

गाळ्याखालची जमीन मात्र अजून सामायिक होती. मितेशची सही लागणार होती. तेव्हा पुतळाबाईनेच त्याला बोलावलं. काकीच्या शब्दाला तो नाही म्हणू शकला नाही. सकाळी तो आला आणि माझ्यासमोर, कान्हापासून जमेल तितका लांब, खुर्ची ओढून बसला. उन्नतीने चहा ठेवला. कोणी कोणाकडे बघेना.

बाजार उघडला आणि दोघांचे फोन एकदम वाजले.

दोघांनी एकदम फोन खिशात दडवले. भावकीत टिप दाखवायची नसते, नाहीतर समोरचा आपल्याआधी श्रीमंत होतो.

"दोगांचे एकदम कशे वाजले?" पुतळाबाईने विचारलं.

"काय नाय, काकी, कंपनीचा मेसेज."

"उन्नती, दोगांचे फोन घे. वाच."

उन्नतीने हात पुढे केला तो मागे घेईचना. शेवटी फोन मिळाले. तिने आधी नवऱ्याचा वाचला. "आज बाजार वर. घ्या. तुमचेच सर." मग मितेशचा. "आज बाजार खाली. विका. तुमचेच सर."

तिने दोन्ही पुन्हा वाचले. खालचं जोडलेल्या हातांचं चित्रसुद्धा तेच होतं.

"कायतरी चूक झाली असंल," कान्हा म्हणाला आणि त्याने सरांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. स्वानंदचा मधाळ आवाज आला. प्रत्येकाची जोखीम पेलायची ताकद वेगळी असते, म्हणून कॉल, म्हणजे घ्या-विकाचे सल्ले, वेगळे असतात, असं काहीबाही तो समजावू लागला.

पुतळाबाई फोनजवळ वाकली. "म्हंजे बाजार एका घरात वर जातो नि शेजारच्या घरात खाली येतो?"

पलीकडून दोनदा "हॅलो, हॅलो" आलं. मग नेटवर्कचा प्रॉब्लेम झाला. असल्या लोकांचं नेटवर्क बरोबर अशाच वेळी जातं.

कान्हा खाली बघून म्हणाला, "पन तुजी गारी?"

"लोनवर हाय," मितेश म्हणाला. "तुज्या टाइल्स बघितल्या, मना वाटला तुजा नंबर लागला. मी मागं राहू नये म्हनून घेतली."

"टाइल्स सासऱ्यानं बसवून दिल्या. मी तर डुबलोय."

"मी पन."

हे दोन शब्द ते वेळीच भिंतीवरून बोलले असते, तर स्वानंदला तळवलीत कोणी पाणीही विचारलं नसतं. पण तोटा लपवायचा आणि गाडी दाखवायची, ही आमच्याकडची रीत. तो माणूस त्याच रीतीवर जेवत होता. पुतळाबाईने गाळा विकायच्या कागदांची घडी केली, ती कान्हाच्या हातात दिली आणि जिना उतरून गाळा उघडायला गेली.  कान्हाचा चहा तसाच गार झाला.

मला भंगारात द्यायचं ठरत होतं, पण मितेशने मला खाली गाळ्यात नेऊन कॅमेऱ्याला जोडलं. बोंबील पळवणारी एक मांजर आहे, तिच्यावर नजर ठेवायला. आता माझ्यावर जे दिसतं ते त्याच क्षणी खरंच घडत असतं. म्हातारपणी लाभलेलं हे सुख मला कुठल्याही हारापेक्षा मोठं वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना कोरड्या फडक्याने पुसत जा, ओल्या नको. आणि उद्या एखादे सर तुमच्या घरच्या मोठ्यांना नफ्याचे आकडे दाखवू लागले, तर त्या मोठ्यांना एवढंच सांगा, की ज्याचं नुकसान झालं असा एक माणूस आधी शोधा. तो फार लांब नसतो. बहुतेक वेळा तो भिंतीपलीकडेच राहतो, आणि तुमची त्याच्याशी बोलाचाल बंद असते.