फळ्यावर बॅनर टांगला तो रविवार

मी एक जुना काळा फळा आहे, आणि गोडगोड बोलणं मला काही जमत नाही. शिरोली एमआयडीसीत तात्यासोंच्या शेडमध्ये मागच्या भिंतीला मी टेकलेला असतो. मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या फळ्यासारखं माझ्यावर कधी कुणी अ आ इ गिरवलं नाही. शिवाजी पेठेतल्या एका सुताराने मला घडवलं ते फाउंड्रीसाठी. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओततात तो कारखाना. आज किती माल ओतला, किती वाया गेला, कुठलं यंत्र बंद पडलं, हे सगळं माझ्यावर लिहीत. पाळी सुटली की ओल्या फडक्याने पुसून काढत. धूर, धूळ, उकाडा, सगळं सोसलं, पण माझ्याकडे बघितल्याशिवाय कुणी कामाला हात लावत नव्हतं. काय तोरा होता माझा!

मग भिंतीवर टीव्हीसारखा पडदा आला आणि मी भंगारात गेलो. तिथून मला तात्यासोंनी उचललं. ते साच्यांसाठी लाकडी नमुने बनवतात. मला कापून त्यांना मांडणी करायची होती. करवत बाहेरसुद्धा काढली होती हो! तेवढ्यात अनुजा आली. ती एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत इंजिनियर. तिला रविवारी कट्टा भरवायचा होता आणि त्यासाठी तात्यासोंची शेड मागायला ती आली होती.

"तात्या, ह्याला कापू नका. आमच्या कट्ट्याला हाच पाहिजे," ती म्हणाली.

"घे की मग. माझी मांडणी बोंबलली म्हणायची!" तात्यासो हसले आणि मी वाचलो.

हा कट्टा जगावेगळा होता. आसपासच्या कारखान्यांतले सुपरवायझर, इंजिनियर, भट्टीवाले रविवारी सकाळी जमत. अध्यक्ष नाही, पाहुणा नाही, भाषण नाही. विषयसुद्धा आधी ठरलेला नसे. आलेल्याने खडू उचलायचा आणि आपल्याला अडलेलं माझ्यावर लिहायचं. ज्याला त्यातलं कळतं किंवा ज्याला तेच अडलंय, त्याने त्या ओळीसमोर येऊन उभं राहायचं. तिथेच घोळका व्हायचा. नाही पटलं तर सरळ उठून दुसऱ्या घोळक्यात जायचं, कुणी रुसायचं नाही. फक्त कुठल्या कारखान्याचं नाव घ्यायचं नाही.

पहिल्या रविवारी सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. खडूला कुणी हात लावेना. शेवटी बाळासो उठले. गडमुडशिंगीचा हा माणूस अनुजाच्याच कारखान्यात वितळलेलं लोखंड ओतायचं काम करायचा. आवाज असा की भट्टीच्या घरघरीतही ऐकू यावा. त्यांनी लिहिलं, 'ओतलेल्या मालाला भोकं का पडत्यात?' आणि वळून म्हणाले, "म्या कारखान्यात वरडून दमलो. आता तुमी सांगा. न्हाय आलं तर तसं म्हणा, लाजताय काय!"

सगळे हसले आणि कट्टा सुरू झाला. बाळासो मला 'मास्तर' म्हणायचे. जाताना माझ्या चौकटीवर थाप मारून जायचे. खरं सांगतो, ती थाप मला फार आवडायची.

कट्टा वाढला. वाढला ते चांगलंच, पण काहीतरी बिघडत चाललं होतं. लिहिणारे हात कमी झाले आणि फोटो काढणारे जास्त. कुणी नवीन आलं की पुढच्या खुर्चीवर बसवायचं, हे कधी सुरू झालं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आपल्या कोल्हापूरची माणसं मनाने मोठी. घरी आलेल्याला हार-तुरा केल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. मला मात्र भीती वाटायला लागली होती.

वर्ष पूर्ण झालं तेव्हा चिरागने कंबर कसली. कट्ट्याचे निरोप तोच पाठवायचा. पोरगा कामसू, मनात काळं-बेरं नाही. त्याने दारात मांडव घातला आणि प्रमुख पाहुणे म्हणून अनुजाच्याच कारखान्याच्या मालकांना बोलावलं.

"चिराग, आपल्यात पाहुणे नसतात रे," अनुजा म्हणाली.

"अगं, वर्षाचा कार्यक्रम हाय. सत्कार नको व्हय? लोक नावं ठेवतील की!"

त्या रविवारी अनुजा सगळ्यांच्या आधी आली. तोंड उतरलेलं होतं. तिने माझ्या अगदी मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वितळलेल्या लोखंडाची बादली क्रेनला टांगलेली असताना आपोआप खाली सरकते. तुमच्याकडे असं झालं का? काय केलंत?' मग खडू तुटेपर्यंत तिने तीच अक्षरं पुन्हा गिरवली. त्या बादलीशेजारी रोज बाळासो उभे असायचे. तिने कारखान्यात सांगून पाहिलं होतं. 'ही ऑर्डर जाऊ दे, मग बघू,' एवढंच उत्तर मिळालं होतं. इतर कारखान्यांतल्या चार जाणत्यांनी उपाय सांगितला, तर तो घेऊन ती थेट मालकांपुढे उभी राहणार होती.

एवढ्यात मोटारीचा हॉर्न वाजला. पाहुणे वेळेआधीच आले. चिरागची धांदल उडाली. बॅनर लावायला जागा सापडेना, तेव्हा त्याने तो माझ्या चौकटीला दोन्ही बाजूंनी बांधून टाकला. माझ्यापुढे अंधार झाला. बाहेरच्या बाजूला मालकांचा हसरा फोटो होता आणि आतल्या बाजूला अनुजाचा प्रश्न.

त्यानंतर मी फक्त ऐकत होतो. मालकांचा सत्कार झाला. मग तात्यासोंचा, शेड दिली म्हणून. मग चिरागचा, धावपळ केली म्हणून. मध्येच अनुजाचा आवाज आला, "अहो, बॅनर काढा की. खाली विषय लिहिलाय."

"थांब की जरा. पावणं गेल्यावर घिऊ," कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

मग मालकांनी बाळासोंना फेटा बांधला, कट्ट्यावर पहिला प्रश्न लिहिला म्हणून. टाळ्यांचा कडकडाट झाला. मालक भरभरून बोलले. त्यांच्या पाठीमागे, वीतभर अंतरावर, त्यांच्याच क्रेनचा प्रश्न होता आणि ते बोलत होते. मला ओरडावंसं वाटत होतं, पण फळ्याला तोंड कुठलं? जेवणं झाली, मांडव रिकामा होत गेला. पाहुणे गेले तेव्हा घोळका करायला माणसंच उरली नव्हती.

बॅनरचा कोपरा उचलला गेला. बाळासो होते. डोक्यावर फेटा, ओठ हलवत त्यांनी तो प्रश्न वाचला. हसले नाहीत.

"व्हय पोरी," ते अनुजाला म्हणाले, "सरकतीया खरी. म्या रोज बघतोय."

"मामा, उद्या कामाला जाऊ नका."

"असं कसं? आजच फेटा बांधलाय मालकांनी. उद्या दांडी मारली तर काय म्हणतील? पुढच्या रविवारी पयलं हेच घिऊ."

त्यांनी माझ्या चौकटीवर थाप मारली आणि ते गेले.

मधल्या एका दुपारी रस्त्यावरून रुग्णवाहिका ओरडत गेली. तात्यासोंचा रंधा थांबला. त्यांना कुणाचा तरी फोन आला आणि शेड उघडीच टाकून ते बाहेर धावले. बादली सरकली होती. बाळासो घरी परतले नाहीत.

पुढच्या रविवारी सगळे आले. मांडव नव्हता. चहाला कुणी हात लावला नाही. अनुजाने दोन्ही हातांनी बॅनर ओढून फाडला. तिचा प्रश्न तसाच होता. सगळेच्या सगळे त्या एका ओळीसमोर येऊन उभे राहिले. सम्मेद नावाचा दुसऱ्या कारखान्यातला सुपरवायझर खाली मान घालून म्हणाला, "आमच्याकडं पण असंच झालतं. क्रेनचा ब्रेक झिजलेला हुता. काम थांबवून बदलला. एका दुपारचं काम हुतं."

मागे बाळासोंच्या बायको बयाबाई उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते कुणाला कळलंच नव्हतं. त्या रडत नव्हत्या.

"दादा," त्यांनी विचारलं, "तुमी गेल्या रविवारी हितं हुता न्हवं? मग तवा का न्हाय सांगितलं?"

सम्मेदने फाटलेल्या बॅनरकडे बघितलं. मग कसाबसा म्हणाला, "फळा झाकलेला हुता, वैनी. सत्कार चालू हुता."

मित्रांनो, मला रंग देऊ नका, हार घालू नका. आणि माझ्यावर काही टांगूही नका. आज पुन्हा रविवार आहे. कुणीतरी घाईघाईने लिहून गेलंय, 'भट्टीच्या भिंतीतून पाणी झिरपतंय. काय करावं?' वितळलेल्या लोखंडाला पाणी लागलं तर स्फोट होतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण बाहेर चहा आलाय, कुणाचा तरी वाढदिवस आहे, केक कापताहेत. त्या ओळीसमोर अजून कुणीही उभं नाही. कुणीतरी या रे!